हायब्रिड मोटारीतील बारा व्होल्टचा वारसा

यंत्रविद्येचा इतिहास बहुधा नव्याने जुन्यास हद्दपार केल्याची हकीकत म्हणून लिहिला जातो. हायब्रिड मोटारीतील अल्पदाबाच्या विद्युत्-व्यवस्थेचा इतिहास या समजुतीस छेद देतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियस मोटारीत २८८ व्होल्टचा बॅटरीसंच होता. तथापि त्याच्या जोडीस शिशाची १२ व्होल्टची लहान बॅटरीही होती. मोठा संच यंत्रणेस जोडणारे रिले व नियंत्रक संगणक हिच्यावर चालत. ती पूर्ण उतरली, म्हणजे मोठ्या संचात वीज असूनही गाडी सुरू होत नसे.

या लहान बॅटरीचे मूळ स्टार्टरच्या इतिहासात आहे. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को संस्थेचा विद्युत् स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यात आला. पुढे ६ व्होल्टची पद्धत रूढ झाली. परंतु अधिक दाबाची एंजिने फिरविण्यास ती अपुरी पडू लागल्यामुळे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन मोटारी १२ व्होल्टकडे वळल्या. प्रियसमध्ये मात्र एंजिन सुरू करण्याचे काम उच्चदाबाच्या मोटर-जनित्राकडे गेले. म्हणजे ज्या कार्यासाठी १२ व्होल्टचा स्वीकार झाला, ते कार्यच उरले नाही. तरीही १२ व्होल्ट टिकले.

ते बदलण्याचे प्रयोग झाले नाहीत, असे नव्हे. १९९० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व मोटार-उत्पादक यांच्या सहकार्याने ४२ व्होल्टची योजना पुढे आली. दाब तिप्पट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक-तृतीयांश पुरतो व त्याच तारेतील उष्णताव्यय एक-नवमांशावर येतो. येथे नामकरणाचा निकषही पालटला: १२ हा बॅटरीचा नाममात्र दाब, तर ४२ हा ३६ व्होल्टच्या बॅटरीचा भारणदाब होय. २००१ मध्ये टोयोटा क्राउनच्या सौम्य हायब्रिड मोटारीत अशी बॅटरी आली. पण योजना सर्वमान्य झाली नाही. उच्च दाबामुळे स्विचांच्या संपर्कबिंदूंत ठिणगी अधिक काळ टिके. शिवाय दिवे, रिले व लहान मोटरी नव्याने घडवाव्या लागणार होत्या. २०११ मध्ये जर्मन उत्पादकांनी ४८ व्होल्टचा पुरस्कार केला, तो १२ व्होल्टच्या जागी नव्हे, तर जोडीने.

२०१६ मध्ये ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडमधून शिशाची बॅटरी गेली. तिच्या जागी मुख्य संचातच १२ व्होल्टचा लिथियम-विभाग आला. द्रव्य बदलले, स्थान बदलले, प्रमाण मात्र कायम राहिले. मराठीत 'ऋ'चा मूळ उच्चार लोपला, तरी लेखनात ते अक्षर राहिले. कारण असंख्य शब्दांचे लेखन त्याच्याशी निगडित आहे. १२ व्होल्टचे स्थैर्यही त्या आकड्याच्या अंगभूत श्रेष्ठतेत नसून त्याभोवती उभ्या राहिलेल्या उत्पादनव्यवस्थेत आहे. म्हणून अशा प्रयोगांचा इतिहास लिहिताना शोधांच्या तारखांइतकाच प्रचलित प्रमाणांचाही मागोवा घेणे आवश्यक ठरते.