चार बोटं उशी

ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत भिंतीला पाठ लावून उभे राहा. तारीख 5 जुलै 1878. टेबलावरचा माणूस गिलाव्याचं काम करणारा, जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ. तो पूर्ण जागा आहे. सर्जन विल्यम मॅक्यूएन त्याच्या तोंडात बोट घालतो, जिभेमागची झडप बोटानं दाबून धरतो आणि त्याच बोटाच्या आधारानं श्वासनलिकेत एक नळी सरकवतो. माणूस ठसकतो, डोळ्यांत पाणी येतं. पण गेले काही दिवस हीच तालीम चालली होती, म्हणून तो निभावून नेतो. मग नळीतून क्लोरोफॉर्म. नळीभोवती स्पंज कोंबलेला, रक्त फुफ्फुसात उतरू नये म्हणून. आता तुमचा तुम्हीच विचार करा: डोकं कसं ठेवलंय, मान कुठं वाकवलीय, याकडे तुमचं लक्ष गेलं का? जाणारच नाही. काम बोटांचं आहे, डोळ्यांचं नाही. नळीला वळणावरून जाता येतं. अडचण येते ती नजरेला.

त्या वेळी जिवंत माणसाचं स्वरयंत्र बघायचा एकच मार्ग होता, आरसा. 1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया या गाण्याच्या शिक्षकानं छोट्या आरशात स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली, तेव्हापासून डॉक्टर घशात आरसा धरत आले. घशात काटकोनासारखं वळण आहे, सरळ दिसायचं कसं? हे इतकं उघड वाटत होतं की फारसं कुणी करून बघितलंच नव्हतं.

बर्लिन, 1895. आल्फ्रेड किर्स्टाइनच्या कानावर एक घोटाळा आला आहे: एका सहकाऱ्याची अन्ननलिकेत घालायची सरळ नळी चुकून श्वासनलिकेत शिरली. सरळ नळी जाते, तर सरळ नजर का जाणार नाही? आता खुर्चीवरचा रुग्ण बघा. धड किंचित पुढे झुकलेलं, डोकं मागे. समोर उभा किर्स्टाइन हातातल्या, विजेचा दिवा जोडलेल्या पात्यानं जीभ दाबतो आणि आरशाशिवाय स्वरयंत्र बघतो. रुग्णाला कसं बसवायचं याचं त्यानं सांगितलेलं तत्त्व आजही जुनं झालेलं नाही: श्वासनलिकेची रेघ वर वाढवली तर ती तोंडाच्या उघड्या जागेतून बाहेर पडली पाहिजे. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात आहे. ती रेघ आणायची तर डोकं नेमकं कुठं ठेवायचं?

1913 मध्ये अमेरिकेत शेव्हलिए जॅक्सन उत्तर देतो: पूर्ण मागे. (गिळलेल्या टाचण्या, नाणी, गुंड्या लोकांच्या घशातून काढून जपून ठेवणारा हाच तो जॅक्सन, त्याचा दोन हजारांवर वस्तूंचा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणांमध्ये मांडलेला आहे.) त्याच्या टेबलावर रुग्णाचं डोकं असं मागे ढकललेलं आहे की मान कमानीसारखी वर आली आहे. तांब्या वर धरून, ओठ न लावता पाणी पिताना तुमची मान जशी होते, तशीच. करून बघा. आणि त्याच अवस्थेत थोडा वेळ राहून बघा. घशाच्या पुढच्या बाजूला ताण बसतो, जबडा आवळतो. जागेपणी जे अवघडतं ते गुंगीतही बऱ्याच अंशी अवघडच राहतं, हे भूलशास्त्राला पटायला वेळ लागला.

आता सिडकप. इंग्लंड, 1920. इथे जरा थांबा. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाक निळे रंगवलेले आहेत. त्यावर बसलेल्यांचे चेहरे बघून गावकरी दचकू नयेत म्हणून ही खूण. महायुद्धातून परतलेले हे सैनिक: कुणाचं नाक गेलंय, कुणाचा जबडा. क्वीन्स हॉस्पिटलात सर्जन हॅरल्ड गिलीज त्यांचे चेहरे नव्यानं घडवतो आहे. पण भूल द्यायची तर मास्क ठेवायचा कुठं? ज्या चेहऱ्यावर मास्क, त्याच चेहऱ्यावर सुरी. ऑपरेशन थिएटरमध्ये ईथरचा वास कोंदला आहे. रुग्णाचा सोडलेला श्वास थेट सर्जनच्या तोंडावर येतो. म्हणून आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम हे दोघे भूलतज्ज्ञ रस्ता शोधत आहेत. मॅगिलच्या हातात लाल रबराची नळी आहे. ती वेटोळ्यातून कापलेली असल्यानं तिला आपसूक बाक आला आहे. टोक तिरकं छाटून घासून गुळगुळीत केलेलं. नळी नाकातून आत जाते. तो बघत नाही, कान लावून ऐकतो. नळीच्या बाहेरच्या टोकाशी श्वासाचा आवाज वाढला की दिशा बरोबर, आवाज विरला की चुकली.

आता रुग्णाचं डोकं बघा. ते टेबलाच्या कडेवरून लोंबकळत नाही, उशीवर आहे. मान खालून पुढे, हनुवटी किंचित वर. पुढे 1936 मध्ये मॅगिलनं याला जे नाव दिलं ते अजून पुसलं गेलेलं नाही: सकाळची हवा हुंगणाऱ्या माणसाची ठेवण. आपल्याकडे सकाळच्या हवेपेक्षा स्वयंपाकघरातल्या फोडणीनं हे लवकर कळेल. लसणीचा वास आला की तुम्ही मान मागे टाकत नाही. गळा पुढे येतो, नाक वर होतं. तांब्याची मान आणि फोडणीची मान, एवढाच जॅक्सन आणि मॅगिल यांच्यातला फरक. पण तेवढ्यासाठी उशी खांद्याखाली नव्हे, डोक्याखाली हवी. खांद्याखाली घातली की डोकं परत मागे घसरलंच.

ऑक्सफर्डमध्ये 1943 ला रॉबर्ट मॅकिंटॉश स्वरयंत्र बघायचं वाकडं पातं आणतो. पुढच्या वर्षी बॅनिस्टर आणि मॅकबेथ ‘लॅन्सेट’मध्ये मॅगिलच्या ठेवणीमागचं कारण मांडतात. तोंडाची एक रेघ, घशाची दुसरी, स्वरयंत्राची तिसरी. मान पुढे आणि डोकं मागे केलं की तिन्ही एका ओळीत येतात. आकृती इतकी देखणी की पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या ती छापली. देखण्या आकृत्यांची एक खोड असते; त्यांच्याकडे कुणी पुरावा मागत नाही.

तो मागितला गेला 2001 मध्ये, पॅरिसजवळ. फ्रेडरिक आडने आणि सहकाऱ्यांनी आठ निरोगी माणसांना एमआरआयच्या बोगद्यात वेगवेगळ्या ठेवणीत झोपवलं आणि रेघा मोजल्या. कुठल्याच ठेवणीत तिन्ही एका ओळीत आल्या नाहीत. शिवाय 456 रुग्णांवर तुलना झाली: अर्ध्यांच्या डोक्याखाली 7 सेंटिमीटरची, म्हणजे साधारण चार बोटांची उशी, बाकीच्यांचं डोकं नुसतंच मागे. फार फरक पडला नाही. मात्र स्थूल माणसांत आणि ज्यांची मान पुरेशी मागे जात नाही त्यांच्यात उशी उपयोगी ठरली. मला यात मॅगिलची हार दिसत नाही. चुकली होती ती कारणमीमांसा, उशी नव्हे. किर्स्टाइननं तर तीन रेघांची गोष्ट काढलीच नव्हती. त्याला एकच पुरली होती.

मग परत या, आजच्या थिएटरमध्ये. या वेळी भिंतीपाशी नाही, टेबलावर. भूलतज्ज्ञ बाजूनं वाकून बघते: कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरचा खळगा एका पातळीत आहेत का? पोट-छाती भारी असेल तर एक उशी पुरत नाही. पाठीखालपासून चादरींच्या घड्यांचा उतार रचावा लागतो. तान्ह्या बाळाचं डोकंच मागून मोठं असतं, त्याला उशी नकोच. अपघातात मानेला मार असेल तर हे सगळं रद्द. कुणीतरी दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून ठेवतं. हल्ली पात्याच्या टोकाला कॅमेरा असतो, तरी ही बाजूनं वाकून बघण्याची सवय सुटलेली नाही, आणि सुटू नये.

शस्त्रक्रियेआधी तीच येऊन म्हणाली होती, “आ करा, जीभ बाहेर काढा, आता मान मागे न्या.” तोंडात डोकावण्याची ती तपासणी बोस्टनमधल्या शेषगिरी मल्लमपाटी या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या नावानं 1985 पासून ओळखली जाते. तुम्ही ती सोपस्कार समजून उरकली असेल. पुढच्या वेळी तसं करू नका. मान धरत असेल, रात्री घोरत असाल, दात हलत असेल, पूर्वी भूल देताना नळी घालायला त्रास झाल्याचं कुणी सांगितलं असेल, तर न विचारताही सांगा. उशी किती उंच घ्यायची हेही ती त्यावरून ठरवते.