मुख्य आणि दुय्यम विद्युत घड्याळे : मुंबई परिसरातील वेळ-वितरणाचा इतिहास आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. त्याच्या प्रवासाची वेळ घड्याळ ठरवीत नसे, ती खाडीतील भरती-ओहोटी ठरवीत असे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि ही वाहतूक पनवेलकडून वळली. त्याबरोबर एक निराळीच गरज निर्माण झाली. शेकडो मैलांवरील स्थानकांची घड्याळे एकच वेळ दाखवू लागणे आता आवश्यक झाले. ही गरज विजेच्या तारेने भागवली. एका अचूक घड्याळाने इतर अनेक घड्याळे चालविण्याची, म्हणजे मास्टर आणि स्लेव्ह क्लॉकची, पद्धत याच तारेतून विकसित झाली. प्रस्तुत लेखात या पद्धतीची मुंबई परिसरातील पार्श्वभूमी पाहून अशा घड्याळांच्या जीर्णोद्धारात नेमके काय जपावे, याचा विचार केला आहे.

कुलाब्याची वेळ

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. खगोलीय वेध घेणे आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे हा तिचा प्रारंभीचा हेतू होता. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी नाविक कालमापकावर अवलंबून असत, आणि त्यात चार सेकंदांची चूक राहिली तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान एका सागरी मैलाने चुके. म्हणून फोर्टमधील किल्ल्याच्या मनोऱ्यावर एक कालगोल बसविण्यात आला. तो कुलाबा वेधशाळेशी विजेच्या तारेने जोडलेला होता आणि दुपारी ठीक एक वाजता खाली पडत असे. कालगोल हे घड्याळ नव्हे, हे खरे. तथापि 'वेळ एका ठिकाणी ठरते आणि तारेने दुसरीकडे पोहोचते' हे तत्त्व मुंबईकरांनी प्रथम येथेच डोळ्यांनी पाहिले असे म्हणता येईल.

विजेचे हे साहाय्य पुढे वेधशाळेलाच अडचणीचे ठरले. मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरताच त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे स्पष्ट झाले. संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलविण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांची तुलना झाली, आणि १९०७ मध्ये ट्राम धावली. ज्या जिल्ह्यात पनवेल आहे त्याच जिल्ह्यात, केवळ विजेपासून दूर राहण्यासाठी, एक शास्त्रीय संस्था उभी राहिली.

कोणाचे घड्याळ मुख्य?

तारेने वेळ पाठविता येऊ लागली, तसा ती कोणाची वेळ असावी हा प्रश्न राजकीय झाला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. रेल्वे व तारखाते मात्र मद्रासची वेळ पाळत आणि ती मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रास वेळ लागू केली, पण विरोधामुळे १८८३ मध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रिनिचपुढील साडेपाच तासांची भारतीय प्रमाण वेळ स्वीकारली. सूर्य तोच असताना घड्याळाचे काटे ३९ मिनिटे पुढे गेले, आणि त्याची झळ पहाटे कामावर जाणाऱ्या गिरणी कामगाराला सर्वांत आधी लागली. त्याच महिन्यात कामगारांनी विरोध केला. महानगरपालिकेनेही त्याच वर्षी पुन्हा मुंबई वेळ धरली आणि ती स्वातंत्र्यानंतरपर्यंत सोडली नाही. इतिहासलेखनात या वादाकडे बहुधा स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. पण त्याला एक यांत्रिक बाजूही आहे. मनोऱ्यावरील स्वतंत्र घड्याळ आपली वेळ सांगू शकते. तारेवर असलेल्या दुय्यम घड्याळाला मतभेदाची सोयच नसते.

यंत्ररचना

अलेक्झांडर बेन याने १८४१ मध्ये विद्युत घड्याळाचे पेटंट घेतले, परंतु भरवशाची पद्धत १८९५ मध्ये फ्रँक होप-जोन्स व जॉर्ज बोवेल यांच्या रचनेतून सिद्ध झाली. 'सिंक्रोनोम' या नावाने ती ओळखली गेली. तिच्या मुख्य घड्याळात सुमारे एक मीटर लांबीचा, सेकंदाचा लंबक असतो. तो दर दोन सेकंदांनी पंधरा दात्यांचे एक चाक एक दाता पुढे सरकवितो. अर्ध्या मिनिटात चाकाचा फेरा पूर्ण झाला की एक वजनदार भुजा खटक्यावरून सुटते, लंबकाला हलका धक्का देते आणि खाली येऊन विद्युत संपर्कावर टेकते. मंडल पूर्ण होताच विद्युतचुंबक तिला उचलून पुन्हा खटक्यावर बसवितो. त्याच क्षणीचा प्रवाह तारेवरील सर्व दुय्यम घड्याळांतून जातो आणि त्या प्रत्येकातील १२० दात्यांचे चाक एक दाता पुढे सरकते. दुय्यम घड्याळात लंबक नाही, कमान नाही, किल्लीही नाही. आत आहे ते एक वेटोळे, एक चाक आणि एक खीळ. १९२१ मध्ये शॉर्ट याने याच कल्पनेचा विस्तार करून दोन लंबकांचे घड्याळ तयार केले आणि पुढे अनेक वेधशाळांनी ते स्वीकारले.

या रचनेतील सर्व घड्याळे एकसरीत जोडलेली असतात. म्हणजे एका वेटोळ्याची तार तुटली तरी सगळी थांबतात. युरोप खंडातील अनेक घड्याळे मात्र निराळी आहेत. त्यांना दर मिनिटाला एक स्पंद लागतो, प्रत्येक वेळी ध्रुवता उलटते आणि जोडणी समांतर असते. जुने घड्याळ हाती आल्यावर ते यांपैकी कोणत्या कुळातील आहे हे ठरविण्यापूर्वी त्यास वीज देणे ही केवळ घाई ठरते.

जीर्णोद्धाराचा प्रश्न

आज बहुतेक ठिकाणी सोपा मार्ग पत्करला जातो. आतील यंत्र काढून सेलवर चालणारे क्वार्ट्झ यंत्र बसवितात. तबकडी सुंदर राहते, काटे फिरतात आणि घड्याळ 'चालू' होते. पण ज्या संबंधामुळे ते घड्याळ ऐतिहासिक साधन ठरते तो संबंधच नष्ट होतो. दुय्यम घड्याळ एकटे असे काही नसतेच. जपायचे असते ते मंडल.

त्याला वीज देण्याचे गणित अवघड नाही. सिंक्रोनोम पद्धतीत व्होल्टता नव्हे तर प्रवाह महत्त्वाचा असतो, आणि तो साधारण ०.३३ अँपिअर असतो. उदाहरणादाखल, प्रत्येकी ४ ओहमची बारा दुय्यम घड्याळे, ४ ओहमचे मुख्य घड्याळ आणि २ ओहमची तार धरली तर एकूण रोध ५४ ओहम होतो आणि सुमारे १८ व्होल्ट पुरतात. पुरवठा २४ व्होल्टचा असेल तर १८ ते १९ ओहमचा बदलता रोध जोडावा. एखादे घड्याळ दुरुस्तीसाठी काढले तर त्याच्या जागी ४ ओहमचा रोध घालावा, म्हणजे इतरांचा प्रवाह बदलत नाही. पुरवठा बॅटरीतूनच असावा. वीज खंडित झाली की भुजा संपर्कावर पडून राहते, लंबकाला धक्का मिळत नाही आणि थोड्या वेळाने तो थांबतो. जुन्या रचनेत बॅटरी अशक्त होऊ लागली की भुजा संपर्कावर अधिक काळ रेंगाळते. ही पूर्वसूचना देखरेख करणाऱ्याला डोळ्यांनी दिसते.

कोकणच्या दमट हवेत खरा शत्रू वेगळाच असतो. वेटोळ्यांवरील रेशमी वा सुती आवरण कुजते, पितळेवर हिरवा थर चढतो, संपर्क काळे पडतात. संपर्क कानशीने घासण्याचा मोह टाळावा, कारण घासलेला धातू परत येत नाही. ठिणगी कमी करण्यासाठी वेटोळ्याला समांतर रोध जोडण्याची जुनी पद्धत पुरेशी आहे. मुख्य घड्याळच उपलब्ध नसेल तर दर अर्ध्या मिनिटाला स्पंद देणारे लहान इलेक्ट्रॉनिक साधन वापरण्यास हरकत नसावी. मात्र ते घड्याळाच्या पेटीबाहेर असावे, मूळ तारांना डाग न देता काढता यावे आणि ते नवे आहे असे त्यावर लिहिलेले असावे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती नोंद. इमारतीतील कोणत्या खोलीतून तार कोठे जात होती, घड्याळांचा क्रम काय होता, प्रत्येक वेटोळ्याचा रोध किती भरला, कोणता भाग बदलला, हे एका कागदावर तारखेसह लिहून त्याची प्रत मुख्य घड्याळाच्या पेटीत व दुसरी ग्रंथालयात ठेवावी. भिंतीतील जुन्या तारा रंगकामात उपटल्या जाण्यापूर्वी हे काम उरकणे बरे.