कांटचा शेतकरी आणि मों ब्लां

मागच्या वेळी आपण कांटच्या ‘उदात्त’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एकाने विचारलं, कांट कधी बर्फाचा डोंगर चढला होता का हो? नाही. कोनिग्सबर्ग सोडून तो फार लांब गेलाच नाही. आल्प्स त्याने पाहिला तो पुस्तकांतून, आणि त्यातला एक लेखक म्हणजे जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर.

या सोस्यूरने १७६० साली मों ब्लांच्या माथ्याची वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावलं. २६ वर्षं ते तसंच पडून होतं. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे डॉक्टर पाकार आणि जाक बाल्मा वर पोचले. पुढल्या वर्षी सोस्यूर स्वतः १८ वाटाडे घेऊन गेला.

त्याच्याच आधाराने कांट १७९० साली लिहितो की सॅव्हॉयचा एक भला, समंजस शेतकरी हिमशिखरांच्या शौकिनांना सरळ मूर्ख म्हणायचा. कांटचं म्हणणं असं, की मन संस्कारित नसेल तर उदात्तही नुसतं भयंकर वाटतं. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात मान डोलावत शिकवलं. आज ते आम्हाला पटत नाही.

कारण त्या शेतकऱ्याला हिमनदी माहीत होती. सतराव्या शतकात शामोनीच्या हिमनद्या पुढे सरकत शेतांपर्यंत, घरांपर्यंत आल्या होत्या. १६४४ साली बिशप शार्ल द साल गावकऱ्यांची मिरवणूक घेऊन ले ब्वा या वस्तीपाशी गेले, हिमनदीने मागे हटावं म्हणून प्रार्थना करायला. ज्याच्या बांधाला बर्फ लागलाय त्याने टाळ्या वाजवायच्या? शिवाय शौकिनांना वर न्यायचं काम याच घरांतल्या माणसांनी केलं. १८२० साली हिमप्रपातात तीन वाटाडे गेले. पुढल्याच वर्षी वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने १८६१ साली खाली आणून दिले.

आम्ही शामोनीला गेलो ते या शेतकऱ्याची बाजू समजून घ्यायला, असं म्हटलं तर शोभून दिसेल. खरं म्हणजे मुलाने तिकिटं काढली होती! दातेरी रुळांच्या गाडीने मोंतांव्हेरला पोचलो. खाली मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र. १६४४ची तीच हिमनदी. तेव्हा पाळण्यातून उतरल्यावर पुढे लोखंडी जिना लागायचा. १९८८ साली पाळणा सुरू झाला तेव्हा पायऱ्या नावाला होत्या, आम्ही गेलो तेव्हा पाचशेच्या वर. कडेच्या खडकावर पाट्या, त्या त्या साली बर्फ कुठवर होता ते सांगणाऱ्या.

१९९०च्या पाटीपाशी आम्ही दोघं टेकलो. ते साल आम्हाला कालचं वाटतं. बर्फ अजून बराच खाली होता, आणि त्यावर दगडमातीचा करडा थर. सौ. म्हणाली, एवढं उतरून परत चढायचंय, ध्यानात आहे ना? आम्ही तिथूनच परत फिरलो.