खरकटें, डुक्कर आणि हवामान

डुक्कर मनुष्याच्या उंबरठ्याशीं टिकलें तें उरलेल्या अन्नाच्या आधारानें. गाईला गवत लागतें. डुकराला मात्र ताटांत उरेल तें सर्व चालतें. म्हणूनच युरोपांतील गरीब कुटुंबें शतकानुशतकें घरचें डुक्कर खरकट्यावर पोशीत, आणि हिवाळ्याच्या तोंडीं त्याचें मांस साठवून ठेवीत.

दुसऱ्या महायुद्धांत या जुन्या रीतीला राजमान्यता मिळाली. जहाजांची टंचाई असल्यामुळें परदेशी धान्य जनावरांना घालणें ब्रिटनला परवडेना. १९४० सालापासून सरकारी उत्तेजनानें डुक्करपालनाच्या मंडळ्या निघूं लागल्या. लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅम येथें घरोघरचें खरकटें गोळा करून तें यंत्रांत शिजवीत. त्याचा घट्ट लगदा ‘टॉटनहॅम पुडिंग’ या नांवानें प्रसिद्ध झाला.

शिजविणें हेंच यांतील मर्म होतें. त्याकडे दुर्लक्ष झाल्याचें फळ ब्रिटनला २००१ सालीं भोगावें लागलें. उत्तर इंग्लंडमधील एका शेतावर डुकरांना न शिजविलेलें खरकटें घातल्यानें लाळ्या-खुरकूत हा रोग शिरला असावा, असा निष्कर्ष चौकशींत निघाला. साथ आटोक्यांत येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. त्याच वर्षीं ब्रिटननें खरकट्यावर बंदी घातली. पुढें ती सर्व युरोपीय संघांत लागू झाली.

रोगाची वाट बंद झाली, पण दुसरी अडचण उभी राहिली. धान्य व सोयाबीनची पेंड यांकडे डुक्करपालकांचा कल पूर्वींच वळला होता. आतां घरगुती खरकट्याचा पर्यायच उरला नाहीं. सोयाबीनसाठीं दक्षिण अमेरिकेंत जंगलें व गवताळ प्रदेश मोडले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें, डुक्करपालनापासून हवेंत जाणाऱ्या उष्णताधारक वायूंपैकीं सुमारें ६० टक्के वायू खाद्याच्या उत्पादनांतूनच निघतात.

जपाननें निराळा मार्ग धरला. तेथें २००१ सालीं अन्नाच्या पुनरुपयोगाचा कायदा अंमलांत आला, आणि कारखाने व दुकानें यांतील उरलेलें अन्न देखरेखीखालीं तापवून डुकरांना घालण्यास उत्तेजन मिळालें. युरोपनें हाच मार्ग स्वीकारला तर तेथील डुकरांसाठीं लागणाऱ्या जमिनींपैकीं सुमारें एक पंचमांश मोकळी होईल, असें केंब्रिजच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें.

टॉटनहॅमच्या गृहिणीला हवामानाची चिंता नव्हती. तिला धान्य वांचवावयाचें होतें. परंतु धान्य वांचलें कीं जमीन वांचते, आणि जमीन वांचली कीं जंगलावरील ताण कमी होतो. प्रश्न उरतो तो विश्वासाचा. प्रत्येक कढई पुरेशी तापली कीं नाहीं, याची हमी कोणीं द्यावयाची? २००१ सालीं ज्या शेतकऱ्यानें आपलीं निरोगी जनावरेंही डोळ्यांदेखत मारलीं जातांना पाहिलीं, तो या प्रश्नाचें उत्तर मागितल्यावांचून राहणार नाहीं.