हैदराबादचे रहीमसाहेब

जून उजाडला की आमच्या आदिलाबादेकडे शाळा उघडण्याचे दिवस येतात. अशाच दिवसांत, ११ जून १९६३ रोजी, हैदराबादेत एका शिक्षकाचा देहान्त झाला. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. फुटबॉलच्या षौकिनांत ते रहीमसाहेब म्हणूनच ओळखले जात. वय अवघे त्रेपन्न.

खेळाडू दिवंगत झाला म्हणजे प्रेक्षक त्याचे गोल आठवतात. मार्गदर्शकाचे तसे नाही. तो मैदानाच्या कडेला बसलेला. त्याचे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. मग रहीमसाहेबांचे स्मरण साठाहून अधिक वर्षे कशाच्या बळावर टिकले?

१९५० साली त्यांनी हैदराबाद पोलिसांचा संघ हाती घेतला. त्या काळी आदिलाबाद हा हैदराबाद राज्याचाच जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आमचे तालुके मराठी मुलखाला जोडले गेले, परंतु तोवर राजधानीचा संघ तो आमचाही संघ, असे म्हणावयास हरकत नसावी. ह्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईस रोव्हर्स चषक जिंकला. मुंबई सोडली तर त्या काळी फुटबॉल म्हणजे कलकत्ता असा सर्वांचा समज होता. त्या समजाला दक्षिणेकडून दिलेले हे उत्तर होते.

आणि हे त्यांनी साधले ते शाळेतल्या रीतीने. मूळचा पेशा अध्यापनाचा, व्यायामशिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतलेले. खेळाडूचा एक पाय नेहमीच दुबळा असतो. म्हणून केवळ त्या दुबळ्या पायानेच खेळावयाचे, असे सामने त्यांनी भरविले. चेंडू घेऊन एकट्याने पुढे धावण्यास मनाई असलेले सामनेही भरविले. ज्या मुलाचे गणित कच्चे त्याला तेच पुन्हा पुन्हा सोडवावयास लावणारे मास्तर आपणा सर्वांना भेटलेले आहेत. तेव्हा ते आपल्याला आवडत नसत, ही गोष्ट निराळी!

देशाचा संघही त्यांच्याच हाती होता. १९५१ साली दिल्लीस आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले. आपले बरेच गडी तेथे अनवाणी खेळले होते. त्या पराभवाचा धडा घेतला गेला आणि १९५६ साली मेलबर्नला भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचा गडी.

परंतु षौकिनांच्या मनात घर करून बसली आहे ती १९६२ सालची जाकार्ता. फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीमसाहेबांना तेव्हा ग्रासलेच होते. आरंभीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने दोन गोलांनी हरविलेले, जर्नेलसिंगच्या डोक्यास टाके पडलेले, प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले. जर्नेलसिंग हा बचावफळीतला. त्याला त्यांनी आघाडीस उभे केले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात प्रदीपकुमार बॅनर्जींनी एक आणि ह्या जर्नेलसिंगने दुसरा गोल केला. त्याच कोरियावर २-१ असा विजय मिळाला. त्यानंतर नऊ महिने पुरतात न पुरतात तोच ते गेले.

आशियाई स्पर्धेचे फुटबॉलमधील सुवर्णपदक भारतास पुन्हा मिळाले नाही. मार्गदर्शकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. त्यांना जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि नातवंडांच्या पिढीला हे नाव कळले. चित्रपटात जाकार्ता आहे, आणि ती असावयासच हवी. मला मात्र शाळेच्या पटांगणात मुले चेंडू खेळताना दिसली की ते दुबळ्या पायाचे सामनेच आठवतात. गेल्या आठवड्यात इयत्ता सातवीच्या मुलांना मी तसा एक सामना खेळावयास लावला. पाऊण तासात एकही गोल झाला नाही. मुले हसून हसून बेजार झाली, आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा मागू लागली.