पानिपतची थंडी

पानिपतचा विषय निघाला की तोफा, विश्वासराव, भाऊसाहेब यांच्यावरच बोलणं फिरतं. थंडीचं फारसं कुणी काढत नाही. आम्हा ग्वाल्हेरकरांना मात्र ती आधी आठवते, कारण दर पौषात ती आमच्याही उशाशी येऊन बसते.

मार्च 1760 मध्ये पटदूरहून फौज निघाली, ती उन्हाळ्यात. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा. मग अब्दाली बागपतला यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. नोव्हेंबरपासून 14 जानेवारी 1761 पर्यंत आपली माणसं पानिपतला खंदकाच्या आत अडकून पडली. ऐन कडाक्याचे दिवस! देशावर घोंगडी पांघरली की थंडी भागते. इथे कोहरा पडला की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. अफगाणांना हे नवं नव्हतं, ते याहून गार मुलखातले. आपल्याकडे यात्रेला म्हणून आलेल्या बायका-पोरंही होती.

अन्न तुटलं हे सगळे लिहितात. सरपणही तुटलं होतं. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशिराज पंडित त्या वेळी पलीकडच्या गोटात होता. रात्री लाकूडफाटा आणायला बाहेर पडलेल्या बुणग्यांना अफगाणांनी गाठून कापलं, ही हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. शेकोटीच्या लाकडासाठी जीव गेले, दुसरं काय म्हणायचं?

आणि नाना फडणीस. वय पुरतं एकोणीसही नाही, आई आणि बायको बरोबर. लढाईच्या रात्री अंगावरचे कपडे टाकून लंगोटीवर निघाले, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलं आहे. जानेवारीतली रात्र, ती पण पानिपतची! बायको वाचली, आई परतल्या नाहीत. जे भरतपूरच्या मुलखात पोचले त्यांना सूरजमल जाटाने अन्नाबरोबर वस्त्रंही दिली. वस्त्रांचं मोल इथे हिवाळा काढलेल्यालाच कळेल.

पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, तिचं लष्कर झालं आणि दक्षिणी घरं कायमची वसली. रजाई, सिगडी, गजक सगळं अंगवळणी पडलं. तरी दक्षिणेतून नवी सून आली की तिचा पहिला हिवाळा पुन्हा तोच. माझी आजी 1951 साली रत्नागिरीहून आली. खोबरेल तेल बाटलीत दगडासारखं थिजलेलं पाहून तिला वाटलं, तेल बिघडलं. रात्री भरून ठेवलेलं पाणी बर्फासारखं लागतं आणि पहाटे विहिरीतून काढलेलं कोमट, हे तिला शेजारच्या काकूंनी शिकवलं. लढाईच्या गोष्टीत तिला रस नव्हता. मी पानिपतचं वाचून दाखवायला लागलो की ती एकच विचारायची, "अरे, त्या बायकांनी पांघरलं काय असेल रे?"

मला अजून कुठे सापडलेलं नाही. कुणाच्या घरी जुन्या कागदांत किंवा सांगण्यात काही असेल, तर खाली जरूर लिहा.