क्षेम, खेव आणि मिठी : आलिंगनाच्या इतिहासाचा एक धागा

आलिंगनाकडे मराठी समीक्षेने बहुधा भावनेचा सहजाविष्कार म्हणून पाहिले आहे. संहितेत दोन व्यक्ती एकमेकींना उराउरी भेटल्या, की त्या कृतीची नोंद 'अनुभाव' या सदरात होते आणि विवेचन लगोलग तिच्यामागील भावाकडे वळते. कृती जणू पारदर्शक मानली जाते. तिला इतिहास आहे, तिचे संकेत समाजाने घडविलेले आहेत आणि त्या संकेतांच्या कक्षेबाहेर कोणाला तरी ठेवलेले आहे, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. मार्सेल मॉस याने १९३४ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात चालणे, पोहणे, बसणे या निसर्गदत्त क्रिया नसून समाजाने शिकविलेली 'शरीरतंत्रे' आहेत, असे प्रतिपादन केले होते. हा विचार आलिंगनाला लावून पाहिला, तर मराठी साहित्यातील काही परिचित प्रसंग वेगळे दिसू लागतात.

संस्कृत शास्त्रपरंपरेने या कृतीची दखल दोन प्रकारे घेतलेली आढळते. कामसूत्रात बाभ्रव्याच्या नावावर आलिंगनाचे आठ प्रकार दिले आहेत : स्पृष्टक, विद्धक, उद्घृष्टक आणि पीडितक हे चार ज्यांचा समागम अद्याप झालेला नाही अशांसाठी, आणि लतावेष्टितक, वृक्षाधिरूढक, तिलतंडुलक व क्षीरनीरक हे चार समागमकालीन. नाट्यशास्त्र मात्र शयन आणि चुंबन यांबरोबर आलिंगनही रंगमंचावर वर्ज्य ठरविते. पिता, पुत्र, सून आणि सासू एकत्र बसून नाटक पाहतात, हे त्याचे कारण. एक शास्त्र जिचे वर्गीकरण करते, तीच कृती दुसरे शास्त्र दृष्टीआड करते. दोन्हींच्या मुळाशी गृहीत एकच आहे : आलिंगन ही प्राधान्याने शृंगाराची कृती होय.

अन्य संस्कृतींत हे गृहीत तसेच टिकत नाही. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस मृतांच्या लोकी आपल्या आईला तीनदा कवटाळू पाहतो आणि तीनही वेळा ती छायेसारखी निसटते. व्हर्जिलने 'ईनिड'मध्ये ईनियस आणि त्याचा मृत पिता यांच्या भेटीत हाच प्रसंग पुन्हा योजला आहे. तेथे आलिंगन हे जिवंत असण्याचे प्रमाण ठरते. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या कोपऱ्यात बसविलेले चार रोमन सम्राटांचे तांबूस पाषाणातील शिल्प आणखी वेगळे काही सांगते. इ. स. ३०० च्या सुमाराच्या या शिल्पात सम्राटांच्या दोन जोड्या परस्परांना कवळून उभ्या आहेत. पण प्रत्येकाचा दुसरा हात तलवारीच्या मुठीवर आहे. स्पेनमध्ये १८३९ साली एस्पार्तेरो आणि मारोतो या शत्रुपक्षांच्या सेनापतींनी व्हेरगारा येथे सैन्यासमक्ष एकमेकांना आलिंगन दिले आणि त्या तहाला 'व्हेरगाराचे आलिंगन' हेच नाव पडले. या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. दंडवतात उच्चनीचतेची रेषा उभी असते. आलिंगनात ती आडवी होते. ज्याला आलिंगन द्यायचे त्याला, निदान त्या क्षणापुरते, आपल्या बरोबरीचा मानावे लागते आणि आपली छाती त्याच्यापुढे उघडी करावी लागते. समता आणि धोका या दोन्ही गोष्टी कृतीच्या रचनेतच आहेत.

प्राचीन मराठीने या कृतीला दिलेला शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. 'खेव देणे' किंवा 'क्षेम देणे' म्हणजे आलिंगन देणे. संस्कृत 'क्षेम' म्हणजे सुरक्षितता, कुशल; त्याचेच प्राकृतातून घडलेले रूप 'खेव'. लीळाचरित्रात श्रीचक्रधर भक्तांना क्षेमालिंगन देतात तेव्हा त्या जोडशब्दात शृंगाराचा मागमूसही नसतो. 'तू माझ्यापाशी निर्भय आहेस' हे तेथे देहाने सांगितले जाते. शास्त्रांनी शृंगारात बांधलेली कृती मराठीने अभयाच्या अर्थक्षेत्रात आणली, ही घटना केवळ शब्दकोशापुरती नाही.

तिचा परमोत्कर्ष ज्ञानेश्वरीच्या (१२९०) अठराव्या अध्यायात होतो. सर्व धर्म सोडून मला एकट्याला शरण ये, असे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण उजवा बाहू पसरून अर्जुनाला हृदयाशी धरतात. मूळ गीतेत हा प्रसंग नाही. तेथे संवाद शब्दांतच चालतो आणि शब्दांतच संपतो. ज्ञानदेवांनी मात्र, वाणी आणि बुद्धी जेथून मागे फिरतात ते देण्यासाठी आलिंगनाचे निमित्त योजले आणि त्याला दिव्याने दिवा लावण्याची उपमा दिली. दुसरा दिवा उजळला म्हणून पहिला विझत नाही. दोघांचे दोनपण न मोडता देवाने अर्जुनाला आपल्यासारखे केले. भाष्यकाराने मूळ संहितेत घातलेली ही भर अलंकरण नव्हे, ते तत्त्वप्रतिपादनच आहे : शरणागतीचा शेवट पायांशी होत नाही, तो बरोबरीत होतो.

या संकेताची दुसरी बाजू १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी उघडी पडली. अज्ञानदासाच्या पोवाड्यात आणि सभासदाच्या बखरीत अफजलखान भेटीच्या वेळी शिवाजी महाराजांची मान दाबतो आणि शस्त्र चालवितो. महाराजांचा वार हे त्याला दिलेले उत्तर आहे. ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) मात्र पहिला वार महाराजांचा ठरतो. या विसंवादावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. साहित्याच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की परस्परविरोधी कथने एका मुद्द्यावर एकत्र येतात : अपराध कोणाचा, हे ठरते ते आलिंगन प्रथम कोणी मोडले यावर. क्षेमाचा करार इतका पवित्र मानला जात होता, म्हणूनच त्याचा भंग हा आरोप इतका जड ठरला. महाभारतातील आंधळ्या धृतराष्ट्राने भीम समजून लोहप्रतिमा चुरडली, ती कथा मराठीत 'धृतराष्ट्राची मिठी' या वाक्प्रचाराच्या रूपाने जिवंत राहिली, याचेही कारण हेच असावे.

परंतु आलिंगनाचा खरा कस रणांगणावर नव्हे, महाद्वारात लागतो. विठ्ठलाला क्षेम देण्याची आस संतांच्या अभंगांतून वारंवार प्रकटते, आणि ती निव्वळ रूपक नव्हती. एकेकाळी पंढरपुरात यात्रेकरू मूर्तीला प्रत्यक्ष आलिंगन देत. पुढे ती चाल बंद पडून चरणस्पर्श तेवढा उरला. वारकऱ्यांनी परस्परांच्या पाया पडून उराउरी भेटण्याचा प्रघात पाळला. त्यात ज्ञानेश्वरीचे तत्त्व आचारात उतरलेले दिसते. तथापि चोखामेळ्याला मंदिराचा उंबरठा ओलांडता आला नाही. महिपतीच्या भक्तविजयात (१७६२) देव स्वतः त्याला गाभाऱ्यात नेतो, पण रात्री. दिवस उगवताच बडव्यांचा कोप आणि शिक्षा त्याच्या वाट्याला येते. चरित्रकाराने येथे नकळत एक दुभंग नोंदविला आहे. देवाचे क्षेम चोख्याला एकांतात मिळते, समाजाचे उजेडात मिळत नाही. ज्या संप्रदायाने 'क्षेम' हा शब्द इतका मोठा केला, त्याच्याच क्षेत्री त्या शब्दाची मर्यादा जातीने आखून दिली होती. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडले. १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

आधुनिक मराठीत 'खेव' हा शब्द मागे पडला. त्याची जागा 'मिठी'ने घेतली. राजकीय वृत्तांतात 'गळाभेट' आली आणि २००३ च्या एका हिंदी चित्रपटानंतर 'झप्पी'ही रुळली. हे शब्द आपापल्या ठिकाणी पुरेसे बोलके आहेत, पण त्यांपैकी एकातही अभयाची हमी उरलेली नाही. मिठी ही एकाच्या उत्कटतेनेही पुरी होते. क्षेम दोघांच्या निर्भयतेवाचून पुरे होत नाही. आलिंगनाचे वर्णन समोर आले असता भाव किती उत्कट आहे, एवढेच विचारणे म्हणूनच अपुरे ठरते. या भेटीत कोण निर्भय आहे आणि भेटीसाठी कोणाला रात्र व्हावी लागते, हेही विचारले पाहिजे. कायद्याने दार उघडता येते, स्पर्शाची बंदी उठविता येते. उराउरी भेट मात्र कोणत्याही अनुच्छेदात लिहिता येत नाही. चोख्याची समाधी आजही महाद्वाराशी, उंबरठ्याच्या बाहेर आहे. गाभाऱ्याकडे जाणारा वारकरी आधी तिच्यापुढे नमतो. नमन तेथे पूर्वीही होते. ज्ञानदेवांनी नमनाच्या पुढची जी पायरी सांगितली, तिचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे.